भगिनींची पत्रे आणि कुशलवृत्ताची भाषा

१७२७ सालच्या नोव्हेंबरात पहिला बाजीराव जालना आणि सिंदखेड या परगण्यांत उतरला. निजाम-उल-मुल्काचा सरदार ऐवजखान याच्याशी जालन्याच्या परिसरात त्याची गाठ पडली आणि तेथून सुरू झालेली धावाधाव पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत पालखेडास संपली. मराठ्यांच्या इतिहासात जालन्याचे नाव येते ते बहुधा अशाच प्रसंगाने. पुन्हा १८०३ मध्ये, असईच्या लढाईपूर्वी, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला तेव्हाही ते असेच आले. मोहिमेवरच्या पुरुषाने धन्यास लिहिलेल्या पत्रात मुलूख, खंडणी, फौजेचा मुक्काम हे विषय असतात. त्याच पुरुषाच्या घरी जे पत्र जाते त्यात तो सुखरूप आहे की नाही एवढाच प्रश्न असतो. मराठी ऐतिहासिक पत्रव्यवहाराची ही दोन अंगे होत. त्यांपैकी पहिल्याचा अभ्यास मनःपूर्वक झाला. दुसऱ्यास अभ्यासकांनी ‘कुशलवृत्त’ असे नाव देऊन बाजूस सारले, आणि ‘बाकी मजकूर घरगुती’ अशी टीप दिली की आपले काम संपले असे मानले.

या उपेक्षेस वाङ्मयसमीक्षकांनी आणखी एक आक्षेप जोडला. इंग्रजी राजघराण्यातील स्त्रियांची पत्रे वाचून आलेला वाचक पेशवेकालीन स्त्रियांची पत्रे उघडतो तेव्हा त्याचा विरस होतो. तेथे ओढ, रुसवा, आठवण, अश्रू. येथे आशीर्वाद, कुशल, विनंती. यावरून मराठी स्त्रीच्या पत्रात जिव्हाळ्याला वाव नव्हता, किंवा तिला तो शब्दांत मांडता येत नव्हता, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष भाषेच्या अंगाने तपासून पाहावयास हवा, आणि त्यासाठी बहिणीबहिणींच्या नात्याइतके सोयीचे दुसरे नाते नाही. आई-मुलाच्या पत्रात अधिकार असतो, पतिपत्नींच्या पत्रात संकोच असतो. बहिणींच्या पत्रात या दोहोंचा भार सर्वांत कमी असावा अशी अपेक्षा असते.

बाळाजी विश्वनाथ भट याला बाजीराव आणि चिमाजी आप्पा या पुत्रांखेरीज भिऊबाई आणि अनूबाई अशा दोन कन्या होत्या. भिऊबाई बारामतीच्या नाईक जोशी यांच्या घरात आबाजी नाइकास दिली. अनूबाई इचलकरंजीच्या वेंकटराव घोरपड्यास. भटांचे घराणे छत्रपतींचे नोकर, तेव्हा या दोघींना राजकन्या म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. परंतु १७२० नंतर या घराण्याने जे स्थान मिळविले त्यामुळे या बहिणींचे सासर आणि माहेर यांतील प्रत्येक निरोपाला राज्यकारभाराची छाया पडली हे उघड आहे. बारामतीचे बाबूजी नाईक हे भिऊबाईचे दीर. ते सावकार होते आणि बाजीरावाच्या मोहिमा अशाच सावकारांच्या पैशावर चालल्या. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीस बाजीराव वारला तेव्हा कर्जाचा डोंगर मागे होता. आणि त्याच वर्षी पेशवेपद आपणास मिळावे म्हणून रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर खटपट करणारा माणूस हाच धनको होता. भाऊ गेला, आणि भावाच्या मुलाच्या विरुद्ध आपल्याच घरचा मनुष्य उभा राहिला. पुढे १७ डिसेंबरास चिमाजी आप्पाही गेला. अशा वर्षात बारामतीच्या वाड्यातून माहेरी लिहिताना ‘येथील कुशल’ हे शब्द कोणत्या अर्थाने लिहिले जातात, हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. त्यात अर्थविचाराचाही प्रश्न आहे.

अनूबाईचे आयुष्य याहून विस्तृत पटावर गेले. पतीच्या पश्चात इचलकरंजीच्या कारभाराची सूत्रे तिच्या हाती आली आणि पुत्राच्या कारकिर्दीतही ती पुष्कळ अंशी तिच्याच हाती राहिली. वासुदेवशास्त्री खरे यांनी लिहिलेल्या इचलकरंजी संस्थानाच्या इतिहासात हा भाग वाचावयास मिळतो. पानिपतावर भाचा सदाशिवराव आणि नातू विश्वासराव गेले, त्याच वर्षी नानासाहेब गेला, १७७२ मध्ये माधवराव क्षयाने थेऊरास वारला, १७७३ मध्ये नारायणरावाचा वध झाला. हे सारे या बाईने पाहिले. कुटुंब आणि प्रकृती हे दोन विषय अशा स्त्रीच्या दृष्टीने राजकारणाहून निराळे काढताच येत नाहीत. पेशव्याच्या अंगात ज्वर आहे हे वर्तमान आत्याला काळजीचे, जहागीरदारणीला हिशेबाचे. आणि दोघी एकच.

या पत्रांचे जतन कसे झाले इकडेही पाहावयास हवे. पुण्याच्या दफ्तरात जे आले ते राहिले. बारामतीहून इचलकरंजीस गेलेले पत्र त्या दफ्तरात पडण्याचे कारण नव्हते. म्हणून बहीण भावाला, आत्या भाच्याला, आजी नातवाला काय लिहिते हे दिसते; बहीण बहिणीला काय लिहिते हा भाग स्वभावतःच विरळ. त्यात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांची रचना विषयवार आहे. खासगी आयुष्याचे खंड वेगळे, मोहिमांचे वेगळे. संदर्भासाठी ही सोय मोठी, पण पत्र हा वाङ्मयप्रकार म्हणून पाहू गेल्यास ती घातक ठरते. एकाच बाईची दोन पत्रे, एकात पुत्राच्या आजाराबरोबर फौजेचा मजकूर आला म्हणून एका खंडात आणि दुसऱ्यात नुसता आजार म्हणून दुसऱ्या खंडात, अशी विखुरली की लिहिणारीचा आवाज तुटतो. खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त कालानुक्रम धरला. तेथे पटवर्धनांच्या घरातील बाळंतपणे आणि लढाया एकामागून एक येतात, जशा त्या घडल्या तशा. संपादनाची ही जुनी रीत वाचकाला अधिक न्याय देते असेच म्हणावे लागते.

आता मायन्याकडे वळू. मराठी पत्राचा मायना हा पोकळ डौल आहे असे समजणे ही पहिली चूक. मायन्यात लिहिणारा आणि वाचणारा यांचे वय, नाते, अधिकार आणि (स्त्री असल्यास) तिची सौभाग्यस्थिती एवढ्या गोष्टी पहिल्या ओळीतच नोंदल्या जातात. मराठीत थोरल्या बहिणीला संबोधने आहेत: ताई, अक्का, माई. धाकटीला तसे संबोधन नाही. तिला नावाने हाक मारतात आणि पत्रात नावाआधी ‘चिरंजीव’ लावतात. म्हणजे थोरलीकडून धाकटीस जाणारे पत्र नावाने सुरू होते व आशीर्वाद देते; धाकटीकडून थोरलीस जाणारे पत्र नात्याने सुरू होते व नमस्कार करते. ‘बहीण’ हा शब्द संस्कृत भगिनीपासून आला, पण तो नाते सांगण्याचा शब्द आहे, हाक मारण्याचा नव्हे. हाकेचा शब्द ‘अक्का’ कानडीशी सामाईक आहे. कानडीत त्याचा अर्थ थोरली बहीण असाच होतो. ‘ताई’ या शब्दाच्या शेजारीही कानडी ‘तायि’ उभा आहे, मात्र तेथे त्याचा अर्थ आई. या दुसऱ्या जोडीचा संबंध व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरलेला नसला तरी थोरल्या बहिणीत आईचा अंश पाहण्याची रीत दोन्ही भाषांच्या सीमेवरील घरांत ओळखीची आहे. इचलकरंजीचे घर त्याच सीमेवरचे.

मायन्यातील सर्वांत बोलका फरक वैधव्याचा. सौभाग्यवती स्त्रीला ‘वज्रचूडेमंडित’ असे विशेषण लागते. पती वारल्यावर तिला ‘गंगाभागीरथीसमान’ म्हणून लिहावयाचे. हा नियम इतका कडक की मृत्यूनंतरच्या पहिल्या पत्रात दुःखाचा एक शब्दही न लिहिता दुःख लिहिले जाते. काल जिला चुड्याच्या विशेषणाने संबोधिले तिला आज नदीच्या उपमेने संबोधावयाचे. हा बदल करताना कारकुनाची लेखणी अडली नसेल, कारण त्याला ती सवय होती. पण सांगणारी बहीण? आणि वाचून घेणारी? युरोपीय पत्रात हे काम दोन पाने भरून करावे लागते. येथे ते एका समासाने झाले, आणि समास सर्वांना पाठ असल्यामुळे त्यावर अधिक बोलण्याची गरज उरली नाही. यास भावनेचा अभाव म्हणावयाचे की भावनेचा संक्षेप, हे वाचकाने आपल्या कानाने ठरवावे.

मायन्यानंतर कुशल येते. येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे, अशा अर्थाचे ठरीव वाक्य, आणि मग ‘विशेष’. हा लहानसा शब्द अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटतो. ‘विशेष’ म्हणजे जे सामान्याहून वेगळे ते. पत्राची बांधणीच सांगते की येथपर्यंत जे लिहिले ते सर्वांचे, येथून पुढे जे येईल ते या पत्राचे. घरात कोणी अंथरुणास खिळलेले असले तरी वरचे ‘येथील कुशल’ खोडले जात नाही. प्रथम कुशल, आणि ‘विशेष’ नंतर आजार. तर्काने पाहिले तर हा विरोध आहे. परंतु पत्रातील पहिले कुशल ही माहिती नव्हेच, ती नाते चालू असल्याची खूण आहे. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की याने १९२३ मध्ये दाखवून दिले की भाषेचा पुष्कळ वापर काही कळविण्यासाठी नसून संबंध राखण्यासाठी असतो. पत्रातील कुशल हे त्याचे स्वच्छ उदाहरण होय. मात्र एक दुरुस्ती करावयास हवी. ज्या ठरीव वाक्याची अपेक्षा पक्की असते ते गळाले तर त्याचे गळणे फार मोठ्याने ऐकू येते. ज्या पत्रात कुशलाचे वाक्य नाही आणि एकदम मजकूर सुरू होतो ते पत्र हाती येताच घराला काय समजावयाचे ते समजे. ठरीव भाषेचे सामर्थ्य तिच्या उपस्थितीइतकेच तिच्या अनुपस्थितीत असते.

आजाराच्या भाषेचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. मराठीत आजारी माणूस वाक्याचा कर्ता क्वचितच होतो. त्याला ज्वर येतो, त्याच्या पोटात दुखते, त्याच्या शरीरी समाधान नसते. कर्ता ज्वर, माणूस चतुर्थीत, षष्ठीत किंवा सप्तमीत. आजार बाहेरून येणारा आणि माणूस त्याचे ठिकाण, अशी ही रचना आहे. देवीच्या रोगात तर ती पूर्णत्वास जाते: मुलाला ‘देवी आल्या’, ‘देवी निघाल्या’. रोगाचे नाव घ्यावयाचे नाही, देवतेचे घ्यावयाचे, आणि तेही आदरार्थी बहुवचनात. ज्या काळी देवी हा घरोघरचा घातक रोग होता त्या काळी बहिणीने बहिणीस भाच्याला देवी आल्याचे कळविले तर त्यात भीती, आदर आणि तोंडातून अभद्र न काढण्याची काळजी ही तिन्ही एका क्रियापदात सामावत. मृत्यूचेही तसेच. मनुष्य मरत नाही; त्याला देवाज्ञा होते, तो कैलासवासी होतो. या शब्दांना ‘साचेबंद’ म्हणून नावे ठेवणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की साचा नसलेल्या शब्दांत असे वर्तमान लिहिणे लिहिणाऱ्यालाही असह्य होते.

फारसी शब्दांच्या प्रश्नालाही येथे थोडा स्पर्श करावयास हवा. राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांचे लेख घेऊन मराठीतील फारसीचे प्रमाण कसे उतरत गेले ते दाखविले. ही मोजदाद दफ्तरी लेखनाची. घरगुती पत्रात फारसी प्रामुख्याने दोन ठिकाणी राहते: तारखेत, जेथे ‘छ’ हे चांद्रतिथीचे चिन्ह आणि मुसलमानी महिन्याचे नाव येते, आणि कारभाराच्या शब्दांत. आजार, बाळंतपण, लेकरे यांची शब्दकळा मात्र देशी राहते. एकाच पत्रात ज्वर संस्कृतातून, पोटदुखी प्राकृतातून आणि तारीख अरबीतून येते, आणि लिहिणाऱ्यास यांत काही विसंगत वाटत नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही पत्रे बव्हंशी कारकुनाच्या हातची. मोडी अक्षर त्याचे, मायना त्याचा, शेवटचे ‘बहुत काय लिहिणे’ त्याचे. मग त्यांत बाईची भाषा कोठे शोधावयाची? अलीकडे प्रत्येक स्त्रीलिखित कागदात अस्सल स्त्रीस्वर ऐकू येणाऱ्यांची संख्या वाढली आहे; त्यांचा उत्साह कारकुनाला विसरतो. उलट सर्वच कारकुनी म्हणून सोडून देणारे सांगणारीला विसरतात. बोलून लिहविलेल्या मजकुराला स्वतःच्या खुणा असतात. वाक्य लांबते, ‘तरी’ आणि ‘म्हणून’ यांच्या आधाराने एक विचार दुसऱ्यात घुसतो, सांगितलेली गोष्ट पुन्हा येते, मध्येच कोणाचा तरी प्रत्यक्ष बोल तसाच उतरतो. कारकुनाने स्वतः रचलेल्या मजकुरात कलमे पडतात, वाक्ये तोलली जातात. गोपिकाबाईने नातवासाठी, सवाई माधवरावासाठी, दिनचर्येची जी कलमे लिहून दिली त्यांचा घाट दफ्तरी आहे. आजीला तेथे हुकूम करावयाचा आहे आणि हुकमासाठी तिने दफ्तराची भाषा उचलली. याच बाईने मायेचा मजकूर कलमवार सांगितला असता का, याचे उत्तर अवघड नाही. तेव्हा आवाज ओळखावयाचा तो अक्षरावरून नव्हे, वाक्यरचनेवरून.

अक्षराचा विषय निघाला की जालना जिल्ह्याचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान (१६०८), आणि ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, शाई, लेखणी, कागद यांची निगा कशी ठेवावी, इतका बारकाईचा विचार त्या काळच्या दुसऱ्या मराठी ग्रंथात क्वचित आढळेल. तो उपदेश बाळबोध लिपीसाठी आहे, ग्रंथ लिहिणाऱ्या ब्राह्मण पुरुषासाठी आहे. परंतु त्याच संप्रदायात वेणाबाईंनी ‘सीतास्वयंवर’ रचले. म्हणजे स्त्रीच्या हाती लेखणी आली ती ग्रंथासाठी, भक्तीच्या द्वाराने. पत्रासाठी, व्यवहाराच्या द्वाराने येण्यास तिला अधिक काळ लागला. राजवाड्यात वा सरदाराच्या वाड्यात कारकून होता म्हणूनच तेथील बाईला स्वतः लिहिण्याची निकड कमी होती. वैभवाने आवाज झाकला जातो तो असा.

ज्या इंग्रजी पत्रांशी तुलना करून आपल्या पत्रांना उणे लेखले जाते त्यांकडेही नीट पाहिले पाहिजे. व्हिक्टोरिया राणी आणि तिची सावत्र बहीण फेओडोरा यांचा पत्रव्यवहार याचा नमुना म्हणून घेता येईल. फेओडोरा १८०७ ची, व्हिक्टोरिया १८१९ ची. १८२८ मध्ये फेओडोरा लग्न होऊन जर्मनीत लांगेनबुर्ग येथे गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांचीही नव्हती. पुढे धाकटी साम्राज्याची राणी झाली आणि थोरली एका लहानशा, तंगीच्या संस्थानात राहिली. १८७२ पर्यंत दोघी एकमेकींस लिहीत होत्या: मुले, प्रकृती, खर्च, हवा. फेओडोराची कन्या एलिझे १८५० मध्ये व्हेनिसला क्षयाने गेली; १८६१ मध्ये व्हिक्टोरियाचा पती गेला; १८७२ च्या आरंभी फेओडोराची धाकटी मुलगी लोहितज्वराने गेली आणि सप्टेंबरात ती स्वतः. त्या वसंतात राणी बाडेनला जाऊन तिला भेटून आली होती. फेओडोराच्या मागे तिच्या कागदांत १८५४ सालचे, राणीला उद्देशून लिहिलेले एक पत्र निघाले, केलेल्या उपकारांची आणि प्रेमाची फेड होणार नाही अशा आशयाचे.

हे शेवटचे पत्र हलवून सोडते यात शंका नाही. पण भाषेच्या दृष्टीने तेथे एक अडचण आहे जी मराठीत नाही. वयाने थोरली पण पदाने लहान अशा बहिणीने राणीला कसे संबोधावे? इंग्रजीत लाडक्या विशेषणांनी हा पेच झाकावा लागतो. जिव्हाळ्याच्या शब्दांची जी रेलचेल दिसते तिचा काही भाग या झाकण्याच्या कामी खर्च झालेला आहे. मराठी मायन्यात नाते वर आणि पद खाली असा क्रम आहे: आत्या पेशव्यालाही आशीर्वादच लिहिणार, मग मजकुरात तिने कितीही विनंती करो. वर नात्याची व्यवस्था लागून गेल्यामुळे खाली प्रेमाची ग्वाही देण्याची गरज पडत नाही. डेन्मार्कच्या दोन बहिणी, इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा आणि रशियाची सम्राज्ञी मारिया (माहेरची डागमार), परक्या दरबारांत राहून एकमेकींस डॅनिशमध्येच लिहीत. तेथे मातृभाषा हीच माहेरची खोली होती. अनूबाईला सासर कानडी मुलखाच्या कडेला मिळाले तरी घरची भाषा बदलावी लागली नाही. तिच्या पत्राला आडोसा हवा असेल तर तो तिला भाषेत मिळण्यासारखा नव्हता, मौनातच मिळण्यासारखा होता.

जालन्याकडे परत येऊन हा विषय संपविता येतो, कारण ही रीत वाड्यांपुरती नव्हती. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी अमलात राहिला. सरकारी भाषा प्रथम फारसी, मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उर्दू झाली. मराठी उरली ती कुळकर्ण्याच्या मोडी दफ्तरात आणि घरच्या पत्रांत. जालन्याहून देऊळगाव राजा काही कोसांवर, पण तो वऱ्हाडात, इंग्रजी कारभाराखाली. हैदराबादचे टपाल आणि तिकिटे वेगळी, इंग्रजी टपाल वेगळे. सोयरिकी मात्र सरहद्द पाळीत नसत. एक बहीण मोगलाईत आणि दुसरी वऱ्हाडात अशी घरे या पट्ट्यात नवलाची नव्हती, आणि त्यांचे कुशल दोन राज्यांच्या शिक्क्यांखालून जाई. १८७९ मध्ये इंग्रजी हद्दीत पोस्टकार्ड आले. ते वाटेत कोणीही वाचावे असे, आणि घरीही बहुधा दुसऱ्याकडून वाचून घ्यावयाचे. त्यामुळे कारकुनापुढे जो संयम होता तोच पोस्टकार्डावरही टिकला. ‘विशेष’ हा शब्द तेथेही आपल्या जागी राहिला.

या पत्रांत शुभवार्तेच्या कागदाला कुंकवाचे बोट लागे आणि दुखवट्याच्या कागदाचा कोपरा फाडलेला असे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कागद हाती येताच कळे. मायन्यातील विशेषण बदलून जे काम होई तेच हा फाटका कोपरा करी, एक पायरी आधी. आणि असे पत्र वाचून झाले की घरात ठेवावयाचे नाही, ते लगेच फाडून टाकावयाचे, अशी रीत होती. जुन्या घरांतील रुमाल सोडून कागद लावू पाहणाऱ्यास म्हणूनच एक अनुभव हमखास येतो. ज्वराची पत्रे मिळतात, औषध लागू पडत नसल्याची मिळतात, बहिणीने ताबडतोब निघून यावे अशी मिळतात. त्यापुढचे पत्र मिळत नाही. काही महिन्यांनंतरचे जे मिळते त्यात मायना बदललेला असतो आणि खाली येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहावे असे नेहमीचे वाक्य असते.